गवताचं धरण

जळगाव,
गुरुवार

प्रिय हितेंद्र,

'प्रिय' लिहिलंय ते रीत म्हणून नाही. अक्काच्या चुलीपाशी आपण एका ताटात जेवलोय, ते अजून पोटात आहे म्हणून लिहिलंय. एरवी या पत्रात तुझ्यासाठी गोड असं दुसरं काही सापडणार नाही, तेव्हा चहात साखर जरा जास्त घालून वाचायला बस. मी फोनच करणार होतो. पण तुझा फोन हल्ली तुझ्या ऑफिसातल्या मॅडम उचलतात आणि 'सर मीटिंगमध्ये आहेत' हे इतक्या प्रेमानं सांगतात, की मलाच वाटायला लागतं आपणही त्या मीटिंगमध्ये बसलोय. व्हॉट्सअ‍ॅपवर तू दोन निळ्या खुणा देतोस आणि सुटतोस. कागदाचं तसं नसतं. कागद टेबलावर पडून राहतो, घरातलं कुणीतरी उचलतं, विचारतं हे कुणाचं. म्हणून कुरिअरनं घरच्या पत्त्यावर पाठवतोय. सोबत नकाशाच्या प्रिंट जोडल्या आहेत. आधी पत्र वाच, मग प्रिंट बघ. उलटं केलंस तर पत्र वाचायची हिंमत राहणार नाही.

तुझ्या कंपनीचा पूररेषेचा नकाशा बघितला. तुमच्या गावचा सरपंच हेमराज तो गुंडाळी करून माझ्या सर्व्हेच्या ऑफिसात घेऊन आला आणि टेबलावर पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर माझ्याच चहाचे कप ठेवले. काय तो कागद! लग्नपत्रिकेला कुणी इतका जाड कागद वापरत नाही. सातपुड्याला अशी सावली दिलीये की सिनेमाचं पोस्टर वाटावं. खाली तुझ्या कंपनीचं चिन्ह, त्याखाली तुझं नाव, त्याखाली पदव्यांची मालगाडी. आणि मधोमध, गावाबाहेरच्या नाल्यापासून थेट केळीच्या मळ्यांत घुसलेला निळा डाग. त्या डागात जी मळ्यातली घरं येतात त्यांना पाटबंधारे खात्याच्या नोटिसा गेल्यात. पावसाळ्याआधी घर रिकामं करा, इथं पाणी भरणार आहे. त्यातलं एक घर तुझ्या बापानं, जीवरामआबांनी बांधलेलं आहे, आणि त्यात आज तुझी आई, आपली अक्का, एकटी राहते. हे तुला माहीत होतं की नव्हतं, एवढं मला अजून कळलेलं नाही. माहीत असून केलंस तर तू हरामखोर आहेस. माहीत नसताना केलंस तर मग काय आहेस त्याला शब्द शोधतोय.

तुझं सादरीकरण मी पाहिलं, हेही सांगून टाकतो. हेमराजनं मला मुद्दाम बोलावलं होतं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये टीव्ही लावला होता, तू पुण्याहून त्यावर आलास. मागं पुस्तकांचं कपाट, खांद्यावर तो राखाडी कोट. बठ्ठा गाव जमला होता. पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अक्का बसली होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. तिनं हेमराजला विचारलं, 'त्याले मी दिसू र्‍हायली का रे?' हेमराज म्हणाला, 'हो अक्का, समोरच तर बसलीये तू.' तिनं लगेच पदर सारखा केला आणि ताठ बसली. आता खरं सांगतो. आमच्या लॅपटॉपचा कॅमेरा वर वळलेला होता. तू सबंध वेळ आमच्या पंख्याशी बोललास. पंख्यालाच म्हणालास, 'आपल्या सुरक्षिततेसाठी हे आवश्यक आहे.' पंखा काही बोलला नाही, तुला वाटलं गावाला पटलं.

तू 'कुणाला काही शंका?' विचारलंस, तेव्हा चहा आला होता, त्यामुळे शंका कुणालाच नव्हती. मग तू पलीकडे कुणाशी तरी बोलायला लागलास आणि माइक बंद करायचा विसरलास. माझे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. भुसावळच्या खोलीत तू उशीखाली तोंड घालून कुणाशी फोनवर बोलायचास तेही मला ऐकू यायचं. तू त्या माणसाला म्हणालास, 'पुढच्या गावाचंही असंच गुळगुळीत करून दे. कोण बघतंय? तिथं केळीशिवाय आहेच काय!' बश्यांचा खडखडाट चालू होता, बहुतेकांना ऐकू गेलं नसावं. अक्काला गेलं का, सांगता येत नाही. तिनं पुन्हा एकदा पदर सारखा केला, एवढं मी पाहिलं.

तिथं केळीशिवाय आहेच काय. वा रे साहेब! तुझ्या सबंध सादरीकरणात हे एकच वाक्य खरं होतं, आणि तेच तू नकाशा करताना विसरलास. कसं ते सांगतो. तुला सांगायची गरज नाही म्हणा, हे सगळं तूच मला शिकवलंस. पण तुझ्या हाताखाली आता जी पोरं आहेत त्यांना वाचून दाखव, त्यांच्या कामी येईल.

ऑफिसात माझ्याकडे पुनम म्हणून इंजिनिअर आहे, चांगली तयार आहे. तिला म्हटलं, पहिलं काम, उजेड फिरव. नकाशातला सूर्य वायव्येला असतो, ही तुम्हा लोकांची जगभरची रीत. जो सूर्य खानदेशात कुणी तिथून उगवलेला पाहिला नाही, त्याच्या सावल्या बघून तुम्ही डोंगर ठरवता. ठीक आहे, सोय म्हणून ठरवा. पण उजेड चारी बाजूंनी फिरवला की खरा डोंगर आपली सावली घेऊन इमानदारीनं फिरतो, आणि खोटं काही असेल तर एका बाजूनं दिसतं, दुसऱ्या बाजूनं गायब होतं. पुनमनं सूर्य फिरवला, आणि तुझा नकाशा आमच्यासमोर एकेक कपडा उतरवायला लागला.

आधी उत्तरेकडचा भाग. सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीवर लाटा दिसत होत्या, म्हाताऱ्याच्या कपाळावर असाव्यात तशा, एकाखाली एक, एकसारख्या. म्हटलं या काय आहेत? तिथे तू फुकटची उपग्रहाची माहिती वापरलीस, ज्यात उंची पूर्ण मीटरात असते, अर्धा-पाव काही नाही. उताराची जमीन अशा माहितीत जिन्यासारखी दिसते, एक पायरी, मग सपाट, मग पायरी. त्या पायऱ्या बघून तुमच्यातल्या कुणाला तरी लाज वाटली असणार, म्हणून त्यावर रंधा मारला. पायऱ्या गेल्या, लाटा आल्या. रोग तसाच, वरून पावडर.

मग ती शिवण. गावावरून तुझं ड्रोन उडालं होतं, त्याची माहिती जिथे संपते आणि फुकटची सुरू होते तिथे दोन्हींच्या उंचीत फरक होता, माणूस उभा राहील एवढा. दोन चिंध्या जोडताना शिंपीसुद्धा आधी कडा जुळवतो. तू काय केलंस? शिवणीवरही रंधा. पूर्व-पश्चिम पट्टी ठेवून काढल्यासारखी सरळ भिंत होती, तिचा छान उतार झाला. अहवालात त्या उताराला तू 'नैसर्गिक उताराचा पट्टा' म्हटलंयस. पान मी दुमडून ठेवलंय, पाहुण्यांना वाचून दाखवतो.

इथे मला आपली भुसावळची खोली आठवली. रुळांना लागून होती, मालगाडी गेली की तुझ्या त्या जाडजूड मॉनिटरवरचं चित्र हलायचं. तू डिप्लोमावाला, मी धुळ्याकडचा, दहावी नापास, सर्व्हे कंत्राटदाराकडे उंची मोजायची दांडी धरून उभा राहणारा. तू मला पहिल्यांदा पहूरच्या बाजूचा नकाशा दाखवलास. त्यात एक लांबच लांब भिंत होती. मी म्हटलं, 'भाऊ, आठे किल्ला शे का?' तू इतका हसलास की खाटेवरून खाली आलास. मग डोळे पुसून म्हणालास, 'रुप्या, सरळ रेषा दिसली की संशय घे. डोंगराला काटकोन नसतो.' त्या एका वाक्यावर मी आज धंदा करतोय, हितेंद्र. माझ्याकडे नवा माणूस लागला की पहिल्या दिवशी मी त्याला हेच सांगतो, आणि तुझं नाव घेऊन सांगतो. आता कुठल्या तोंडानं घेऊ ते तू कळव.

कारण त्यानंतर सापडली तुझी टेकडी. निळ्या डागाच्या भोवती, नाल्याच्या अलीकडे, तुझ्या नकाशात एक ऐसपैस टेकडी आहे. माथा सपाट, कडा गोलसर, सावली देखणी. तुझ्या अहवालात 'स्थानिक भूरचना उंचसखल' असं लिहिलंय. उंचसखल! ज्या जमिनीत पाट सोडला तर पाणी दोन पावलं जातं आणि थांबून विचार करतं, ती उंचसखल! मी पुनमला म्हटलं, सावली राहू दे, नुसता उतार काढून दाखव. तिनं काढला. टेकडीला चार कोपरे निघाले. चारही काटकोनात. तुझ्या रंध्यानं ते घासून गोल केले होते, पण पुरते गेले नव्हते. मग आम्ही कच्ची फाइल मागवली. हेमराजनं अर्ज केला आणि खात्यातून ती लगेच मिळाली, कारण तिथे ती कुणी उघडून पाहिली नव्हती, त्यामुळे ती लपवायची असते हे कुणाला माहीत नव्हतं. रंधा मारण्याआधीची फाइल. त्यात टेकडीच्या माथ्यावर ओळी होत्या, कंगव्यानं भांग पाडावा तशा. मी खुर्चीतून उठलो. पुनम विचारत होती, 'सर, या कसल्या ओळी?' ती अमरावतीची, तिला कशा कळणार? मला कळल्या. तुला तर माझ्याआधी कळायला हव्या होत्या. ती केळी आहे, हितेंद्र. तुझ्या बापानं लावलेली बाग. कापणी झाल्यावर खोडाच्या पिलांवर पुन्हा धरलेली पिलबाग, दोन पुरुष उंच, पानाला पान भिडलेलं. तुझं ड्रोन वरून गेलं, त्याला पानं दिसली, त्यानं पानांनाच जमीन म्हटलं. ड्रोनला माफ आहे, त्यानं आयुष्यात केळी खाल्लेली नाही. तू त्याच बागेत लहानाचा मोठा झालास.

आता बागेच्या मधोमध घर. घराला अंगण, अंगणात गोठा. तिथे केळी नाही म्हणून तिथली उंची खरी निघाली, आणि भोवतीची सगळी उंची दोन पुरुष वर. झालं, अंगण खड्ड्यात गेलं. नाल्याकडून घराकडे येणारी गाडवाट, दोन्ही बाजूंनी बाग, म्हणून तुझ्या नकाशात ती वाट झाली कालवा. नाल्याला पूर आला की पाणी त्या कालव्यानं सुखात चालत येतं आणि अंगणात उतरतं. बाहेर जायला वाट का नाही, हे मला बराच वेळ कळत नव्हतं. दक्षिणेला जमीन उतरते, पाणी तिकडून निघून जायला हवं. पण तुझ्या नकाशात तिथे धरण आहे. एक उभी, अरुंद, एकसारख्या उंचीची भिंत, अंगणाच्या खालच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोकं खाजवत बसलो. मग हसायला लागलो, आणि पुनमला वाटलं सरांना ऊन लागलं.

गजराज गवत! केळीला वैशाखातला वारा लागू नये म्हणून कडेनं लावलेलं ते गवत. जीवरामआबांनी लावलेलं. त्याच्या आडोशाला आपण बिड्या ओढायचो, आणि आबा पलीकडून खाकरायचे. त्या गवताचं तू धरण केलंस, आणि धरणात पाणी अडवून आपल्या आईचं घर बुडवलंस. जगात मातीची धरणं ऐकली होती, दगडाची, सिमेंटची ऐकली होती. खानदेशच्या लेकरानं गवताचं बांधलं. आणि ऐक, मी परवा जाऊन आलो, त्या धरणाचा अर्धा भाग अक्काच्या म्हशीनं खाल्लाय. तुझ्या कंपनीनं म्हशीवर दावा लावायला हरकत नाही.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. दाट बागेत फोटोतून जमीन दिसत नाही, सॉफ्टवेअरमधली पानं काढून टाकणारी सोय तिथे आंधळी पडते, मुदत कमी होती, खात्याची घाई होती. मान्य. म्हणून तर दाट बागेत माणूस पाठवतात, बांधावर चार ठिकाणी उंची घेतात आणि नकाशा त्याला टेकवतात. एक माणूस, एक दिवस. तुला माणूसही पाठवायला लागला नसता. तू स्वतः दिवाळीला घरी आला असतास, तर ओट्यावर बसल्या बसल्या कळलं असतं की हे अंगण नाल्यापेक्षा उंच आहे. चूक सगळ्यांची होते रे. माझ्या नकाशात एकदा तापी उलटी वाहिली होती, अजून लोक चिडवतात. चूक दिसल्यावर तू तिच्यावर रंधा मारलास, याची मला किळस येते. त्या पायऱ्या, ती शिवण, ते चार कोपरे, ही नकाशानं मारलेली हाक होती, की साहेब, इथे काहीतरी चुकलंय, जरा बघा. त्यातली एकेक हाक तू गुळगुळीत केलीस. तुला काटकोन दिसला असणारच. तुझ्या डोळ्यांना मी ओळखतो. तुला दिसला, आणि तू म्हणालास, कोण बघतंय.

नोटिसांवरची सुनावणी सोमवारी आहे. हेमराजनं गावाच्या वतीनं मलाच बोलायला सांगितलंय. नोटिसा गेलेली सगळी घरं माझ्याकडे डोळे लावून बसलीत. सामान कुठे न्यायचं, गुरं कुठे बांधायची, बागेला पाणी कोण देणार, हेच रोज विचारतायत. त्यांच्यासाठी मी बोलणारच. तुझ्या नकाशाचे कपडे आमच्या ऑफिसात जसे उतरले तसेच त्या हॉलमध्ये उतरतील. टेकडी, कालवा, धरण, सगळं टीव्हीवर दाखवीन. म्हशीचा फोटोही काढून आणलाय. हॉल हसेल, पोट धरून हसेल, आणि मला हसवता येतं हे तुला माहीत आहे. हे सगळं ठरलं होतं. फक्त एक राहिलं होतं, अंगणाची खरी उंची प्रत्यक्ष मोजून घ्यायची. त्यासाठी परवा मळ्यात गेलो.

अक्कानं आधी विचारलं, 'खाल्लं का काही?' मी हो म्हटलं तरी तिनं कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवलाच. ओट्यावर दोन ट्रंका भरून तयार. एकीत तिचे कपडे. दुसरी तिनं उघडून दाखवली. तुझ्या मुलीसाठी शिवलेली गोधडी, उडदाचे पापड, केळीचे वेफर्स, आबांचा तो चष्मा. मला म्हणाली, 'पुन्यात घराले ओटा राहते का रे?' मी म्हटलं, गॅलरी असते. 'तिथं बसू देते का?' मी म्हटलं, देत असतील. मग ती पाणी आणायला आत गेली, आणि मी तिपाई उभी करून मशीन लावलं. नाल्याकडचं वाचन आधीच घेतलं होतं, अंगणाचं तेवढं राहिलं होतं. ते घेतलं. जे वाटत होतं तेच निघालं. नाला तुमच्या अंगणाच्या पुष्कळ खाली आहे, पाणी तिथपर्यंत चढायचं तर त्याला शिडी लागेल. खात्रीसाठी पुन्हा डोळा लावला, तर समोर काहीच दिसेना. नुसतं हिरवं लुगडं. अक्का दुर्बिणीसमोर येऊन उभी राहिली होती.

म्हणाली, 'मोजू नको.' मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून समजवायला गेलो, की अक्का, नकाशात चूक आहे, पाणी येत नाही, घर सोडायची गरज नाही. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो, मला ते सुधारून लिहिता येणार नाही. 'पानी येत नई, हे काय मले ठाऊक नई? लगीन होऊन आली तवापासून पाहू र्‍हायली. तुझ्या त्या दांडीले इचारू का मी? पन तो म्हणते पानी येईन. मग मायले पान्यात ठेवून तो तिकडे बसीन का? घ्यायले येईनच ना. तू मोजशीन, पानी येत नई म्हनशीन, मंग तो काहाले येईन?'

हितेंद्र, मी तिपाई घडी केली. मोजलं नाही असं तिला सांगून आलो. तिनं विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही, पण जाताना वेफर्सची एक पिशवी मलाही दिली.

तर मी हे पत्र नकाशासाठी लिहिलेलं नाही. नकाशाचं मी सोमवारी बघतो. मी अक्कासाठीही लिहिलेलं नाही, कारण तिनं तुला काही कळवू नको असंच सांगितलंय. लिहिलंय ते यासाठी, की सोमवारी मी बोलायला उभा राहीन तेव्हा ती त्याच हिरव्या लुगड्यात पुढच्या रांगेत बसलेली असेल, आणि मी एकेक पान उलटत जाईन तसा तिच्यासमोर तुझा येण्याचा रस्ता बंद होत जाईल. ते काम माझ्याकडून करून घेऊ नकोस. त्याआधी ये. तिला न्यायचं असेल तर ने. न्यायचं नसेल तर ओट्यावर बसून स्वतःच्या तोंडानं सांग, की माय, माझं चुकलं, इथं पाणी येत नाही, आणि तरी मी आलोय. मग जेव आणि जा. सध्या ती सकाळपासून ट्रंकेवर बसलेली असते, गाडवाटेकडे तोंड करून. तुझ्या नकाशात त्याच वाटेनं पाणी येतं.

तुझाच, सोमवारपर्यंत तरी,
रुप्या